पानगळीतले फोटो आणि कडेला उभी राहिलेली आजी

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा लागला की शॉमबर्ग आणि आसपासच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन विषय सुरू होतात. एक, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. दुसरा, फॉल फोटोशूट. बसी वुड्समधला तळ्याचा काठ किंवा स्प्रिंग व्हॅलीतलं जुन्या जर्मन वसाहतकाळातलं शेत, इथं शनिवारी दुपारी चारनंतर गेलात तर थोड्या थोड्या अंतरावर एक कुटुंब, एक फोटोग्राफर आणि काठीवर लावलेला एक पांढरा कापडी डबा दिसतो. डबा म्हणजे सॉफ्टबॉक्स. आत बॅटरीवर चालणारा फ्लॅश. वारा आला की डबा शिडासारखा फुगतो आणि मग कुटुंबातलाच एखादा काका तो धरून उभा राहतो.

समीक्षा आपण नाटकाची करतो, कवितेची करतो, मंडळाच्या गणपतीतल्या एकांकिकेचीही करतो. पण आपल्या इथल्या घरांत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर तीन फूट रुंदीच्या कॅनव्हासवर छापलेली जी कलाकृती दिसते, तिच्याबद्दल आपण 'छान आलाय हं' एवढंच म्हणतो आणि चहाकडे वळतो. मला त्या कॅनव्हासबद्दल लिहायचं आहे. एका विशिष्ट कॅनव्हासबद्दल नव्हे. गेल्या चार वर्षांत पाहिलेल्या वीस-पंचवीस कॅनव्हासांबद्दल, आणि ते इतके सारखे आहेत की एकाचं वर्णन सगळ्यांना लागू पडावं.

मागे लालपिवळी झाडं. वर आकाश गडद निळं, खऱ्या आकाशापेक्षा बरंच गडद. मधोमध आई-बाबा, पुढे दोन मुलं, मोहरीच्या रंगाचे किंवा मरून कपडे. चेहरे लख्ख. आणि एका कडेला, बहुतेक वेळा उजव्या, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. नीट पाहिलं तर सगळं कुटुंब झाडांपुढे कापून चिकटवल्यासारखं दिसतं. आणखी नीट पाहिलं तर आजीचा चेहरा बाकीच्यांपेक्षा काळवंडलेला, थोडा खरबरीत दिसतो. आजी सावळी म्हणून नव्हे. तिच्यापर्यंत उजेड पोचलाच नाही म्हणून.

ह्यामागचं गणित शाळेत शिकलेलंच आहे: अंतर दुप्पट झालं की उजेड एक-चतुर्थांश होतो. डबा डावीकडे. त्याच्या जवळचा माणूस चार फुटांवर, आजी आठ फुटांवर. म्हणजे मुलाला मिळालेल्या उजेडाचा चौथा हिस्सा आजीच्या वाट्याला. हाच डबा मागे नेला, जवळचा माणूस बारा फुटांवर आणि आजी सोळा फुटांवर आली, तर तिला निम्म्याहून थोडा जास्त उजेड मिळतो. हा फरक डोळ्याला फारसा खुपत नाही. पण डबा मागे नेला की फ्लॅशची ताकद जास्त लागते, बॅटरी लवकर संपते, दोन फोटोंच्या मध्ये थांबावं लागतं, आणि अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये थांबायला कुणालाच परवडत नाही. म्हणून डबा जवळच राहतो. मग घरी संगणकावर आजीचा चेहरा ओढूनताणून उजळ केला जातो. खरबरीतपणा येतो तो तिथून.

फोटोग्राफरांना दोष देण्यात अर्थ नाही, निदान सगळा नाही. कडेला कुणी उभं राहायचं हे फोटोग्राफर ठरवत नाही. 'तुम्ही मध्ये या ना आई,' असं सून म्हणते, आणि 'नको गं, मुलांना घे मध्ये,' असं म्हणून आजी स्वतःच कडेला सरकते. आपल्या घरातला हा जुना संकोच त्या फ्लॅशनं अगदी मोजून टिपलेला असतो.

आता आकाशाकडे येऊ. ऑक्टोबरच्या अखेरीस इथं सूर्य सहाच्या आसपास मावळतो, घड्याळं मागे गेली की पावणेपाचच्या सुमारास. फोटोग्राफर आधी आकाशाला अनुसरून कॅमेरा लावतो, मुद्दाम दोन घरं काळोखी ठेवून, आणि मग माणसांवर फ्लॅश टाकतो. युक्ती चांगली आहे. दिवसाचा उजेड आणि फ्लॅशचा उजेड हे दोन वेगळे नळ आहेत, वेगवेगळे फिरवता येतात: शटरचा वेग बदलला की फक्त दिवस कमीजास्त होतो, फ्लॅश तसाच राहतो, कारण फ्लॅशची लखकन होणारी चमक शटर उघडण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी छोटी असते. बहुतेक कॅमेऱ्यांत हे सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापर्यंतच नीट चालतं. त्यापुढे वेगळी सोय वापरावी लागते आणि ती सोय फ्लॅशची ताकद खाते. गोडॉक्सचा दोनशे वॉट-सेकंदांचा, एका हातात मावणारा फ्लॅश आल्यापासून हे सगळं हौशी माणसाच्याही आवाक्यात आलं. पूर्वी ह्यासाठी गाडीभर सामान लागे.

पण हाताशी आलेली युक्ती प्रत्येक वेळी वापरलीच पाहिजे असं थोडंच आहे? सूर्यास्ताचा उजेड तांबूस, फ्लॅशचा उजेड भर दुपारच्या उन्हासारखा पांढरा. फ्लॅशपुढे नारिंगी जिलेटिनचा तुकडा लावला नाही तर माणसं दुपारी बारा वाजता आणि झाडं संध्याकाळी सहा वाजता उभी असल्यासारखी दिसतात. तो तुकडा अगदी स्वस्त असतो. तरी इथल्या निम्म्याहून अधिक कॅनव्हासांत तो लावलेला नसतो, आणि 'कापून चिकटवल्यासारखं' जे मी वर म्हटलं त्याचं अर्धं कारण हेच.

उरलेल्या अर्ध्या कारणाशी माझं खरं भांडण आहे. आपली त्वचा.

रंगीत फिल्म छापणाऱ्या प्रयोगशाळा अनेक दशकं एका गोऱ्या बाईच्या फोटोवरून रंग जुळवत. कोडॅकच्या त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीची त्वचा बरोबर आली की सगळं बरोबर, असा हिशेब. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेली कार्डं नव्वदच्या दशकात आली. फिल्म गेली, कार्डं गेली, पण सवय उरली. सावळा चेहरा समोर आला की फोटोग्राफरच्या हाताला पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे उजेड वाढव. कॅमेऱ्याचं स्वयंचलित मोजमापही तेच सुचवतं, कारण समोर जे आहे ते मध्यम करडं असावं अशी त्याची समजूत असते. परिणाम म्हणजे नाशिकची गव्हाळ आणि नांदेडची काळीसावळी, दोघी कॅनव्हासवर एकाच पीचच्या रंगाच्या दिसतात. घरी कुणी तक्रार करत नाही. उलट खूश होतात! आपल्याकडच्या गोरेपणाच्या हौसेची आणि शर्ली कार्डाची गाठ बसी वुड्समध्ये पडते, हे मला फार विचित्र वाटतं.

सावळ्या त्वचेला जास्त उजेड नको असतो, वेगळा उजेड हवा असतो. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावल्यांतून कळतो. सावळ्या चेहऱ्याचा आकार बराचसा चकाकीतून कळतो, गालाच्या हाडावरच्या, नाकाच्या शेंड्यावरच्या, कपाळावरच्या. उगम मोठा असेल आणि तो बाजूला असेल तर ही चकाकी रुंद, सौम्य पट्ट्यासारखी येते आणि चेहरा घडीव दिसतो. उगम छोटा असेल आणि समोर असेल तर तेलकट ठिपके येतात, मग ते पुसण्यासाठी पावडर, आणि पावडर लावली की चेहरा राखाडी. भलेभले इथं घसरतात. ॲनी लीबोव्हिट्झनं २०२० साली 'व्होग'च्या ऑगस्ट अंकासाठी सिमोन बाइल्सचे फोटो काढले तेव्हा तिची त्वचा निस्तेज दिसते अशी जोरदार टीका झाली होती. लीबोव्हिट्झ म्हणजे बाहेरच्या मंद उजेडात फ्लॅश मिसळण्याच्या कलेतलं मोठं नाव. तिथं सावळ्या रंगाला गोरं केलं नव्हतं हे खरं, पण चकाकीच काढून घेतली होती.

आपल्याकडे उदाहरणं नाहीत असं नाही. सावंतवाडीकडचे सा. ल. हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, ज्याला लोक सर्रास रविवर्म्याचं समजतात. हातात समई घेतलेली मुलगी. दिव्यापुढे आडवा धरलेला हात. बोटांच्या कडांतून आरपार झिरपणारा लालसर उजेड. ते जलरंगातलं चित्र आहे हे लक्षात घेतलं की थक्क व्हायला होतं. उजेड एकच, खालून येणारा, आणि बाकी चित्र निःसंकोच अंधारात सोडलेलं. 

दुसरं टोक म्हणजे गौतम राजाध्यक्ष. १९९७च्या 'फेसेस'नं आणि त्याआधीच्या असंख्य मुखपृष्ठांनी 'चांगला फोटो' म्हणजे काय हे आमच्या आधीच्या मराठी पिढीला शिकवलं. मऊ उजेड, चेहऱ्यावर एकही ओरखडा नाही, डोळ्यांत चमक. नटनट्यांसाठी ते शोभून दिसतं, कारण तिथं फोटोचं कामच स्वप्न दाखवण्याचं असतं. तीच दृष्टी साताऱ्याहून आलेल्या निवृत्त शिक्षिकेला लावली की तिच्या चेहऱ्यावरची सत्तर वर्षं पुसली जातात. राजाध्यक्षांचा ह्यात काही अपराध नाही. त्यांच्या उजेडाची नक्कल करणाऱ्यांनी कुणाचा चेहरा समोर आहे एवढं पाहायला हवं होतं.

पैठणीबद्दल थोडं, कारण ती जवळजवळ प्रत्येक शूटमध्ये असते. जर म्हणजे आरसा. छोट्या फ्लॅशपुढे पदरावरचे मोर पांढरेफटक ठिपके होतात; मोठ्या, तिरक्या उजेडात तोच पदर एकसंध झळाळतो. कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशनं पैठणीचे फोटो काढणं हा त्या विणकरांवर अन्याय आहे असं माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे. आजोबांच्या चष्म्याचंही तसंच. काचेत डबा दिसतो, मग 'चष्मा काढा आजोबा' असं सांगतात, आणि पन्नास वर्षं चष्म्यात पाहिलेला माणूस फोटोत परका होतो. डबा थोडा वर घ्यायचा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर जराशा उचलायच्या. काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब जातं. दहा सेकंदांचं काम.

एवढं बारकाईनं का पाहायचं, असं कुणी विचारेल. मुलांचे फोटो दर वर्षी निघतात. यंदाचा बिघडला तर पुढच्या ऑक्टोबरात दुसरा. आजी-आजोबांचं तसं नसतं. व्हिसा, गुडघे, विमा, बायपास, अशा कितीतरी गोष्टी आड येतात. बऱ्याच घरांत शॉमबर्गच्या त्या एकाच पानगळीतला फोटो हा त्यांचा नीट कॅमेऱ्यानं काढलेला शेवटचा फोटो ठरतो. आणि मग एके दिवशी मध्यरात्री फोन येतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिकडून मेसेज करतं की हारासाठी चांगला फोटो पाठवा. तेव्हा कॅनव्हासच्या कडेवरून तो काळवंडलेला, संगणकावर उजळलेला चेहरा कापून काढला जातो. खांद्यावर नातवाचा अर्धा हात राहतो. हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

ह्या सगळ्या कॅनव्हासांत मला मनापासून आवडलेला एकच फोटो आहे आणि तो कॅनव्हासवर नाही. काढणारा धंदेवाईक नाही, इथलाच एक सॉफ्टवेअरवाला. जागा स्प्रिंग व्हॅलीतल्या शेतावरच्या कोठाराचं दार. मागे झाडं नाहीत, लाल-पिवळं काही नाही, फक्त दाराच्या आतला काळोख. आजी एकटी, लाकडी फळकुटावर बसलेली, सुती साडी, त्यावर मुलाचं जाकीट. नोव्हेंबरचा ढगाळ उजेड वरून येतो; अशा उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, म्हणून एका बाजूला पांढऱ्या छत्रीतून फ्लॅश, पण दिवसापेक्षा दीड घर कमी. फ्लॅश आहे हे शोधावं लागतं. डोळ्यांत एक बारीक ठिणगी आहे तेवढीच खूण. गालावर रुंद, मऊ चकाकी, त्वचा जशी आहे तशी सावळी, सुरकुत्या सगळ्या शाबूत, चष्मा डोळ्यांवर. ती हसत नाहीये. कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला, बहुधा लेकीकडे, पाहते आहे. एकच खटकतं: खालचा हात चौकटीनं मनगटापाशी कापला आहे, आणि त्या हातात काहीतरी आहे.

फोटो पाच बाय सातचा आहे. आजीनं त्याची एक प्रत परत जाताना सांगलीला नेली आणि कपाटात, बँकेच्या कागदांच्या पाकिटात ठेवली. कशासाठी ते तिनं सांगितलं नाही, आणि लेकीनं विचारलं नाही.