सांगणे, म्हणे आणि नोंद : पाच पारितोषिकप्राप्त मराठी चित्रपटांचे पुनर्दर्शन

पारितोषिकामुळे चित्रपटाला प्रेक्षक मिळतात की नाही, याविषयी मतभेद संभवतात. परंतु पारितोषिक मिळालेल्या चित्रपटाची आपल्या मनातील आठवण पुष्कळदा एका वाक्यात आटोपते, हे मात्र अनुभवास येते. ‘श्वास’ म्हणजे दृष्टी गमावणाऱ्या नातवाची आणि त्याच्या आजोबांची कथा. ‘कोर्ट’ म्हणजे न्यायव्यवस्थेवरील भाष्य. ‘श्यामची आई’ म्हणजे मातृप्रेम. असे वाक्य एकदा तयार झाले की चित्रपट पुन्हा पाहण्याची गरज उरत नाही, आणि वर्गात मात्र ते वाक्य वर्षानुवर्षे उपयोगी पडत राहते. प्रस्तुत लेखकाने ही वाक्ये विद्यार्थ्यांपुढे कितीतरी वेळा उच्चारली आहेत, हे आरंभीच कबूल करावयास हवे.

सर्वोत्कृष्ट भारतीय कथापटाचे राष्ट्रीय पारितोषिक मराठीला आजवर पाच वेळा मिळाले. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि ही पारितोषिके देण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. त्यानंतर अर्धे शतक गेले, आणि २००३ सालचे सुवर्णकमळ ‘श्वास’ने मिळविले. पुढे ‘देऊळ’ (२०११, ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर विभागून), ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘कासव’ (२०१६) हे त्या मालिकेत आले. गेल्या पावसाळ्यात आम्ही उभयतांनी हे पाचही चित्रपट घरी ओळीने पुन्हा पाहिले. पत्नी वीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करीत आहे. चित्रपट मध्येच थांबवून उलटतपासणी घेण्याची तिची सवय प्रथम त्रासदायक वाटली. पण पुढील विवेचनातील बराचसा भाग त्या सवयीचेच फलित आहे, आणि म्हणून त्याचे श्रेय एकट्याने घेणे उचित होणार नाही.

‘श्यामची आई’विषयी आमचा वाद फारसा झाला नाही. अत्र्यांनी साने गुरुजींच्या पुस्तकातील कथनाची ऊब पडद्यावर आणली, वनमालाबाईंनी आईला केवळ पुतळा होऊ दिले नाही, येथवर एकमत होते. पत्नीची तक्रार एवढीच की, या आईच्या तोंडी आज्ञार्थ फार आहेत. मी म्हणालो, आज्ञार्थ आहेत, पण प्रत्येक आज्ञेमागून कारण येते; मुलाला कारण सांगणारी आई ही त्या काळच्या घरात सामान्य गोष्ट नव्हे. ‘सांगणे’ हा शब्द आमच्या चर्चेत तेथे प्रथम आला, आणि मग शेवटपर्यंत गेला नाही.

खरा वाद ‘श्वास’पाशी सुरू झाला. संदीप सावंत दिग्दर्शित या चित्रपटाचे कथानक सर्वांस ठाऊक आहे. कोकणातील परशुराम या मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. जीव वाचवावयाचा तर शस्त्रक्रिया अटळ, आणि शस्त्रक्रिया झाली की दृष्टी जाणार. हे मुलाला सांगितले गेले पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. हे सांगण्याचे ओझे डॉक्टर, आजोबा आणि समाजसेविका यांच्यामध्ये फिरत राहते. शस्त्रक्रिया लांबते तेव्हा आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. डोळे आहेत तोवर त्याला काही पाहू द्यावे, एवढाच त्यांचा हेतू असतो.

माझे मत २००४ पासून ठरलेले होते. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने मांडलेला भाषिक कृतीचा विचार आपल्या अभ्यासक्रमात आहेच. सांगणे ही कृती सिद्ध होण्यास सांगणाऱ्याचा अधिकार, ऐकणाऱ्याची सिद्धता आणि शब्दांची निःसंदिग्धता या गोष्टी लागतात. त्या कसोटीवर मी असे म्हणत असे की, या चित्रपटाने आपल्या गाभ्यातील वाक्यालाच बगल दिली. जे उच्चारावयाचे त्याऐवजी त्याने शहराची सफर दिली, आणि सफरीने प्रेक्षक हळवा झाला. आजोबांचे पलायन हे सांगण्यापासूनचे पलायन होय, अशी माझी वर्गातील मांडणी असे, आणि ती विद्यार्थ्यांना पटतही असे.

पत्नीने येथे चित्रपट थांबविला. ती म्हणाली, “दाखवलं ना त्यांनी? मग सांगितलंच की.”

हे उत्तर मला प्रथम वकिली वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यातील व्याकरण लक्षात आले, आणि व्याकरण शिकविणाऱ्याला ते एवढ्या उशिरा दिसावे याची थोडी लाजही वाटली. मराठीत ‘मी चंद्र पाहतो’ आणि ‘मला चंद्र दिसतो’ ही दोन निराळी वाक्ये आहेत. पहिल्यात पाहणारा कर्ता आहे. दुसऱ्यात क्रियापद चंद्राशी जुळते, आणि ज्याला चंद्र दिसतो तो ‘मला’ या रूपात एका बाजूला उभा असतो. त्याच्या हातून काही घडत नाही, त्याच्या ठायी काही घडते. डॉक्टरांना मुलास जे सांगावयाचे आहे ते या दुसऱ्या जातीचे वाक्य आहे : ‘तुला दिसणार नाही.’ यात मुलगा कोठेही कर्ता नाही. त्याच्यावर काहीतरी ओढवणार आहे, एवढीच वार्ता त्यात आहे. आता ‘दाखविणे’ पाहा. अर्थाच्या दृष्टीने हे ‘दिसणे’चे प्रयोजक रूप, परंतु त्यात तिघांची आवश्यकता असते : दाखविणारा, ज्याला दाखवावयाचे तो, आणि दाखविण्याजोगी वस्तू. दाखविताना दाखविणारा जवळ असावा लागतो. निरोप पाठवून सांगता येते, निरोप पाठवून दाखविता येत नाही. आजोबांनी ‘दिसणार नाही’ या वाक्याचा उच्चार टाळला हे खरेच. पण ज्या क्रियापदात नातू एकटा पडत होता त्याच्या जागी त्यांनी असे क्रियापद ठेवले की ज्यात ते स्वतः त्याच्या शेजारी आहेत. अरुण नलावडे यांचा अभिनय मी पूर्वी भावुक समजत होतो. तो पुन्हा पाहताना असे जाणवले की, हा माणूस बोलताना नातवाकडे जेवढा पाहतो त्याहून अधिक, नातू जेथे पाहत आहे तेथे पाहतो.

तरीही माझा आक्षेप पूर्णतः मागे घेतला नाही. दाखविल्याने सांगणे झाले असे मानले, तर कोणतेही सत्य कोणालाही न सांगण्याची सोय होते. हे मी बोललो आणि ते बोलावयास नको होते असे लगेच वाटले. त्याचे कारण खासगी आहे, पण या विवेचनाशी त्याचा संबंध असल्यामुळे थोडक्यात नमूद करतो. २०१७ साली पत्नीचे वडील आजारी होते. एका रुग्णालयाच्या मार्गिकेत डॉक्टरांनी आम्हांस निदान सांगितले, तेही इंग्रजीत; ज्यांचे निदान ते आत खाटेवर होते आणि त्यांस इंग्रजी येत नव्हते. आत जाऊन काय सांगावे हे ठरविण्याचे काम माझ्याकडे आले, कारण शब्द हा माझा विषय. मी ‘सूज’ हा शब्द निवडला. तो खोटा नव्हता, आणि खराही नव्हता. पुढील चार महिने घरातील प्रत्येकाने तोच शब्द वापरला; त्यांनीही वापरला. त्यांना ठाऊक होते की नव्हते, हे आम्हांस कधीच कळले नाही. त्या रात्री पत्नी एवढेच म्हणाली, “आजोबांनी सांगितलं नाही, पण त्याला बाहेर नेलं. आपण बाबांना गावीसुद्धा नेलं नाही.” उरलेला चित्रपट आम्ही दोन दिवसांनी पाहिला. तेव्हापासून ‘पलायन’ हा शब्द मी माझ्या टिपणांतून खोडला आहे. त्या जागी काय लिहावे हे अद्याप ठरलेले नाही.

‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ या दोन चित्रपटांची तुलना कोणी करीत नाही. एक ग्रामीण उपहास, दुसरा महानगरातील शुष्क वास्तव. पण ते लागोपाठ पाहिल्यामुळे एक छोटा शब्द आमच्या हाती आला, आणि तो हाती दिला पत्नीने. तो शब्द ‘म्हणे’. क्रियापदापासून निघून आता अव्ययासारखा वागणारा हा शब्द मराठी वाक्याच्या शेवटी येतो, आणि बोलणाऱ्याची जबाबदारी बदलतो. ‘तो तिथे होता’ याला मी साक्षी आहे. ‘तो तिथे होता म्हणे’ याला मी नाही. ‘देऊळ’मध्ये गाय शोधावयास गेलेल्या केश्याला दत्ताचे दर्शन घडते. ते त्याच्यापुरते खरे आहे, आणि तो ते सरळ विधानाने सांगतो. गाव ते प्रथम ‘म्हणे’ लावून सांगते. पुढे त्यात हितसंबंध गुंततात, आणि ‘म्हणे’ गळून पडते. ते गळाले की देवळाचा पाया भरला असे समजावे. गिरीश कुलकर्णी यांच्या संवादांनाही राष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले. विनोद बाजूला ठेवून ते संवाद ऐकले असता, अफवेचे विधानात रूपांतर कसे होते याचा तो पाठच ठरतो.

पत्नीने यावर आपला एक अनुभव सांगितला. वकिलीच्या पहिल्या वर्षांत, बांधाच्या एका दाव्यात विरुद्ध बाजूचा साक्षीदार ‘बांध त्यांनीच फोडला म्हणे’ असे बोलला. साक्षीची नोंद इंग्रजीत होत होती. नोंदीत ‘त्यांनी बांध फोडला’ एवढ्याच अर्थाचे वाक्य उतरले. साक्षीदाराने प्रत्यक्ष पाहिले वा ऐकले तेच सांगावे, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे तत्त्व होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. म्हणजे त्या दोन अक्षरांवर हरकत घेता आली असती. पण ती साक्ष तिने मराठीत ऐकली आणि इंग्रजीत वाचली. दोन्ही वेळा तिला काही खटकले नाही. युक्तिवादाच्या दिवशी ते ध्यानात आले, तेव्हा उशीर झाला होता.

हा अनुभव ऐकल्यावर ‘कोर्ट’ पाहणे म्हणजे निराळाच चित्रपट पाहणे होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर असा आरोप आहे की, त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. मी वर्गात म्हणत असे की, या चित्रपटाला संवाद नाहीत. कॅमेरा दूर, वाक्ये सपाट, तेव्हा पारितोषिक मिळाले ते विषयाला. आता वाटते की, संवाद कोठे आहे हेच मला कळले नव्हते. तो प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये नाही. तो उत्तर आणि नोंद यांच्यामध्ये आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश क्षणभर थांबतात, आणि मग टंकलेखकाला त्या बोलण्याचे एक नीटनेटके रूप सांगतात. त्या क्षणभराच्या थांबण्यात काय नाहीसे झाले, हे प्रेक्षकाने ओळखावयाचे असते. मृताची पत्नी साक्ष देते तो प्रसंग या दृष्टीने पाहावा. नवरा कसल्या परिस्थितीत गटारात उतरत असे हे ती कसलाही आक्रोश न करता सांगते. तिच्या सांगण्यात तिचे आयुष्य आहे, नोंदीत मुद्दे आहेत.

गाण्याविषयीही असेच घडते. शाहिरी परंपरेत, आणि विशेषतः आंबेडकरी जलशात, आज्ञार्थ हे उपरोधाचे जुने साधन आहे. ‘मरा’ असे गाणारा शाहीर मरण लादणाऱ्याला ऐकवीत असतो. व्याकरणातील द्वितीय पुरुष आणि प्रत्यक्ष श्रोता हे तेथे एक नसतात. सरकारी वकील नूतन ही हा भेद पुसून टाकते. तिला तो कळत नाही असे नव्हे; कायद्याच्या पुस्तकात उपरोधासाठी रकाना नाही.

नूतनच्या चित्रणाविषयी मात्र आमचे जमले नाही. गीतांजली कुलकर्णी यांनी ही भूमिका केली आहे. न्यायालयातून लोकलने घरी जाणारी, मुलाला घेऊन येणारी, स्वयंपाक करणारी ही स्त्री मला चित्रपटाच्या न्यायबुद्धीचा पुरावा वाटते : तिला खलनायिका केलेले नाही. पत्नीचे म्हणणे असे की, बचावाच्या वकिलाची फुरसत दाखविली आणि हिचे श्रम दाखविले, पण त्याच्या फुरसतीत त्याची उदारता दिसते आणि हिच्या श्रमांना शेवटी एका उथळ, परप्रांतीयद्वेषी नाटकाच्या प्रयोगाला नेऊन बसविले. “दिवसभर उभी राहून संध्याकाळी पोळ्या करणाऱ्या बाईवर तुमचा दिग्दर्शक एकदाच हसला, आणि तेवढं पुरे झालं,” असे ती म्हणाली. दिग्दर्शक नूतनवर हसत नाही, प्रेक्षागृहावर हसतो, असे माझे उत्तर होते. नूतन प्रेक्षागृहातच बसली आहे, हे तिचे प्रत्युत्तर. यावर मजजवळ अद्याप उत्तर नाही.

‘कासव’बद्दल थोडेच लिहितो, कारण तेथे वाद करावासा आम्हां दोघांसही वाटला नाही. मरणाच्या वाटेवरून परतलेला तरुण बोलत नाही, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटातील माणसे त्याला बोलते करण्याची घाई करीत नाहीत. पाच चित्रपटांत हा एकच असा, की ज्यात न बोलणाऱ्याची कोणी नोंद करून घेत नाही.

‘कोर्ट’च्या शेवटाविषयीचा वाद मात्र राहिला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, दिवे एकेक करून मालवले जातात, पडदा अंधारतो. चित्रपट येथेच संपावयास हवा होता, असे पत्नीचे ठाम मत. पुढील सहलीचा भाग तिला जोडकामासारखा वाटतो. पूर्वी मलाही तसेच वाटे. या खेपेस त्या सहलीतील एक संभाषण, जे मी २०१५ साली चित्रपटगृहात ऐकलेच नव्हते, ते ऐकले : बोलण्याची अडचण असलेल्या एका मुलाविषयी न्यायाधीश सल्ला देत आहेत, आणि तो सल्ला नाव बदलण्याचा आहे. मी चित्रपट थांबवून हे पत्नीला दाखविले. तिने ते पुन्हा लावावयास सांगितले, दोनदा ऐकले, आणि आपले मत बदलले नाही.