शटरमागची महालक्ष्मी : अतुल दोडिया यांच्या एका चित्राचा आस्वाद

प्रस्तावना

पॉप आर्ट म्हटले की भडक रंग, जाहिरातींतील वस्तू आणि सिनेनटांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात उगम पावलेला हा कलाप्रवाह १९६० नंतर अमेरिकेत बहरला. अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रे प्रदर्शनात मांडली, तेव्हा दुकानाच्या फळीवरील वस्तू कलेचा विषय होऊ शकते काय, हा प्रश्न तेथे उपस्थित झाला.

भारतात मात्र हा प्रश्न याच स्वरूपात उद्भवत नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला आणि देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. पुढे कॅलेंडरांनी तेच कार्य केले. बाजारात छापलेले, थोड्या पैशांत विकत घेतलेले चित्र आपल्याकडे थेट देव्हाऱ्यात गेले. त्याला हळदकुंकू लागले, उदबत्ती लागली. म्हणूनच आपल्याकडील पॉप चित्रकाराच्या हाती येणारी प्रतिमा ही केवळ उपभोगाची वस्तू नसते. तिच्याभोवती श्रद्धेचे वलय असते. त्या वलयाचे चित्रकार काय करतो, यावर त्याच्या कलेचा कस लागतो. प्रस्तुत लेखात अतुल दोडिया यांच्या ‘महालक्ष्मी’ या शटरवरील चित्राचा या दृष्टीने आस्वाद घेण्याचा प्रयत्न केला आहे.

चित्रकार आणि त्याचा वारसा

अतुल दोडिया यांचा जन्म १९५९ मध्ये मुंबईत झाला. घाटकोपरच्या मध्यमवर्गीय वस्तीत ते वाढले. सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९८२ मध्ये त्यांनी पदवी घेतली. १९९१-९२ मध्ये फ्रेंच शासनाच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये त्यांचे पुढील शिक्षण झाले. युरोपीय चित्रकलेतील मूळ कृती जवळून पाहून परतल्यावर त्यांच्या चित्रांत कॅलेंडर, सिनेमाची पोस्टरे, गांधीजींची छायाचित्रे आणि युरोपीय चित्रांची अवतरणे एकत्र नांदू लागली.

१९९४ मधील ‘द बॉम्बे बकनियर’ हे त्यांचे व्यक्तिचित्र या वळणाचा चांगला नमुना होय. १९९३ मधील ‘बाजीगर’ या चित्रपटाच्या पोस्टरवरील नायकाच्या जागी त्यांनी स्वतःला रंगविले. पोस्टरवरील नायकाच्या काळ्या चष्म्यात नायिकांची प्रतिबिंबे आहेत. दोडिया यांच्या चष्म्यात मात्र भूपेन खख्खर आणि डेव्हिड हॉकनी हे दोन चित्रकार दिसतात. वरवर ही थट्टा वाटते, पण आपण कोणाकडे पाहत घडलो, याची ती कबुली आहे. खख्खर (१९३४-२००३) हे मुंबईत जन्मलेले आणि पुढे बडोद्यात स्थिरावलेले, पेशाने हिशेबनीस असलेले चित्रकार. १९६० च्या दशकात त्यांनी देवदेवतांच्या छापील चित्रांची कात्रणे वापरून चिकटचित्रे केली. १९७२ च्या ‘जनता वॉच रिपेअरिंग’मध्ये घड्याळ दुरुस्त करणाऱ्या साध्या कारागिराला त्यांनी चित्राच्या केंद्रस्थानी बसविले. सामान्य माणसाच्या आवडीकडे नाक मुरडून न पाहण्याची ही दृष्टी दोडिया यांना त्यांच्याकडून मिळाली, असे म्हणता येईल.

चित्राचे स्वरूप

दोडिया यांची शटरवरील चित्रे या शतकाच्या प्रारंभीची आहेत. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात ‘सेंच्युरी सिटी’ हे प्रदर्शन भरले. त्यातील मुंबईविषयक दालनाचे नियोजन गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी केले होते. तेथे ही शटरे मांडली गेली. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईने भीतीने धडाधड खाली आलेली शटरे पाहिली होती. उघडे शटर म्हणजे व्यवहार, बंद शटर म्हणजे संशय, हा अर्थ शहराच्या अंगवळणी पडलेला असताना दोडिया यांनी शटरलाच चित्रफलक केले.

‘महालक्ष्मी’ या कृतीचे दोन थर आहेत. दुकानाला असते तसे लोखंडी गुंडाळते शटर आणि त्यावर दुकानाच्या पाट्या रंगविणारे कारागीर वापरतात त्या इनॅमल रंगांत काढलेली कॅलेंडरच्या ढंगाची लक्ष्मी, हा पहिला थर. शटरच्या आडव्या पट्ट्यांमुळे देवीची आकृती सलग राहत नाही. ती किंचित तुटत तुटतच आपल्याला दिसते. शटर वर सरकले की आतला दुसरा थर उघडा पडतो. तेथे हुंड्याच्या प्रश्नापायी एकत्र गळफास घेतलेल्या तीन बहिणी आहेत. बाहेर झगझगीत रंग आणि आत मृत्यूची स्तब्धता, अशी ही रचना आहे.

येथे वॉरहॉल यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांनीही १९६० च्या दशकात वृत्तपत्रांतील अपघातांची छायाचित्रे वापरली होती. परंतु त्यांनी एकच छायाचित्र एका पटावर अनेकदा छापले. पुन्हा पुन्हा पाहून डोळा बधिर होतो, हा त्या पुनरावृत्तीचा अर्थ. दोडिया यांची रीत याच्या उलट आहे. ते मृत्यूची प्रतिमा एकदाच दाखवितात आणि तीही झाकून ठेवतात. ती पाहायची तर लक्ष्मी वर गुंडाळावी लागते. दोन्ही प्रतिमा पूर्णपणे एकाच वेळी दिसणे शक्य नाही, आणि चित्राचा सारा आशय या अशक्यतेत साठविलेला आहे.

मराठवाड्यातून पाहताना

या चित्राचा एक अर्थ मराठवाड्यातील वाचकाला अधिक तीव्रतेने जाणवावा. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात, त्यांना आपल्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्यांचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन व महानैवेद्य आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या बहिणी माहेरी येतात, अशी लोकभावना आहे. उंबऱ्यापासून उमटविलेली त्यांची पावले, नवी लुगडी, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील हे सारे लाडक्या लेकीच्या कौतुकाचेच रूप होय.

म्हणजे आपल्या महालक्ष्म्याही बहिणीच आहेत. दोडिया यांच्या शटरपुढे ही जाणीव मनात आली की बाहेरची देवी आणि आतल्या मुली यांतील अंतर नाहीसे होते. ज्या घरात लेकीला लक्ष्मी म्हणतात, त्याच घरात तिच्या लग्नाचा खर्च बापाच्या उरावर बसतो. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये झाला, तरी नापिकीच्या वर्षांत लग्नखर्चाच्या धास्तीने मुलींनी जीवन संपविल्याच्या बातम्या मराठवाड्याने वाचल्या आहेत. घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी वर्गात बसलेल्या मुलींना या चित्राचा विषय समजावून सांगावा लागणार नाही.

लक्ष्मी या शब्दाचा धन हा दुसरा अर्थही येथे निर्दयपणे कार्यरत आहे. दुकानाचे शटर, त्यावरील संपत्तीची देवता आणि आत पैशासाठी गेलेले जीव, या क्रमाने लग्नातील व्यवहार आपले खरे रूप प्रकट करतो. यासाठी चित्रकाराने देवीचे विडंबन केलेले नाही, ही बाब महत्त्वाची आहे. बाहेरची लक्ष्मी तितकीच सुंदर, तितकीच लोभस ठेवल्यामुळे आपली भक्ती आणि आपले वर्तन यांतील विसंगतीच तेवढी उघडी पडते.

एक आक्षेप

या कृतीवर एक आक्षेप घेता येईल. कोणाच्या तरी घरातील मृत्यू कलादालनात आणणे योग्य आहे काय? शटर उघडून बसणारा धक्का ही केवळ करामत तर नव्हे? एकदा रहस्य कळले की दुसऱ्यांदा धक्का बसत नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि धक्का ओसरल्यावरही बंद शटर निर्मळ होत नाही. आत काय आहे हे ठाऊक झाल्यावर बाहेरच्या लक्ष्मीकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. करामत पहिल्या दर्शनात संपते. ही कृती दुसऱ्या दर्शनापासून अधिक बोलू लागते, म्हणून ती करामतीच्या पलीकडे जाते.

पुस्तकात मात्र शटर बंद आणि उघडे अशी दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी छापली की या कृतीचे मर्म हरवते. आपल्यापैकी बहुतेकांना ती छायाचित्रांतूनच भेटणार असल्याने अध्यापनात एक पथ्य पाळणे इष्ट ठरेल. आधी फक्त बाहेरचे चित्र दाखवावे, विद्यार्थ्यांना त्याचे वर्णन करू द्यावे, आणि त्यानंतरच आतले चित्र पुढे आणून तेच वर्णन पुन्हा वाचायला सांगावे.

समारोप

कॅलेंडरवरील चित्रांना अभिरुचिहीन ठरवून बाजूला सारण्याची सवय आपल्या विद्यापीठीय वर्तुळात दीर्घकाळ होती. खख्खर आणि दोडिया यांनी ती मोडली. दोडिया यांचे श्रेय त्याहून थोडे अधिक आहे. लोकप्रिय चित्राविषयीचे प्रेम न सोडता त्या चित्राने काय झाकले आहे हे त्यांनी विचारले. पॉप आर्ट म्हणजे उथळ झगमगाट हा समज दूर करण्यास ‘महालक्ष्मी’ हे एक चित्रही पुरेसे आहे. साहित्य, समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास या तिन्ही विषयांच्या वर्गांत त्याला स्थान मिळावयास हवे.