गर्भावस्थेतील जनुकसंघर्षाची उपपत्ती : गडचिरोलीच्या संदर्भात एक परीक्षण

माता आणि गर्भ यांचे हित सर्वस्वी एकरूप असते, ही धारणा आपल्या मनात दृढ आहे. डेव्हिड हेग यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने तिला शास्त्रीय आव्हान दिले. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ साली मांडलेला अपत्य-पालक संघर्षाचा विचार हा त्याचा पाया होय. गर्भात मातेची निम्मीच जनुके असतात. म्हणून मातेला जेवढे पोषण देणे हिताचे, त्याहून काहीसे अधिक मिळविणे गर्भाच्या जनुकांना हिताचे ठरते. वारेच्या पेशी गर्भाशयातील रोहिण्यांचे स्नायू नष्ट करून रक्तप्रवाह खुला करतात. वारेतील संप्रेरके मातेच्या इन्सुलिनचा प्रभाव मंद करतात. गरोदरपणातील मधुमेह व रक्तदाब यांची मीमांसा या ओढाताणीत शोधणे, हे हेग यांचे निःसंशय श्रेय आहे.

तथापि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशास ही उपपत्ती लावू गेल्यास तिची एक उणीव ध्यानात येते. तिच्यात पक्ष दोनच आहेत; येथे हिवताप हा तिसरा पक्ष असतो. फाल्सिपेरम जातीचे परोपजीवी शिरलेल्या रक्तपेशी वारेत साचतात. गर्भासाठी खुले झालेले रक्तच त्यांना आश्रय देते आणि बालक अल्पवजनाचे जन्मते. गोंड, माडिया आदी समाजांत आढळणारे सिकलसेलचे जनुकही हिवतापाच्या निवडीमुळेच टिकले आहे. ते एका पालकाकडून आल्यास तीव्र हिवतापापासून रक्षण करते. दोघांकडून आल्यास त्या स्त्रीचे गरोदरपण धोक्याचे होते. या हानीचा उगम माता-गर्भ संघर्षात नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. संघर्ष जनुकांतच आहे, तेव्हा दुर्बल बालकांचे मृत्यू अटळ आहेत, असा निष्कर्ष हेग यांनी काढलेला नाही. पण वाचकाने तो काढण्याचा संभव आहे. अभय व राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोलीतील ३९ गावांत, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजातांची घरी शुश्रूषा करविली. त्यांच्या १९९९ सालच्या अहवालानुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात-मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. एवढ्या अल्प काळात जनुके पालटली नव्हती. पालटली ती शुश्रूषा.

सारांश, ही उपपत्ती गर्भावस्थेच्या दुर्बलतेचे मूळ दाखविते. त्या दुर्बलतेचे मृत्यूत रूपांतर का होते, हे ती सांगत नाही. अभ्यासकांनी ती अवश्य स्वीकारावी. मात्र तिच्याशेजारी मातेचे कुपोषण, हिवताप आणि गावापासून दवाखान्याचे अंतर यांचाही हिशेब मांडावा.