कायदा हक्क देतो, नियम पुरावा ठरवतो

रावेर म्हटलं की केळी आठवते. पण तालुक्याच्या उत्तरेला, पालच्या बाजूनं सातपुड्यात शिरलं की तडवी, पावरा वस्त्यांमध्ये प्रश्न सातबाऱ्यापासूनच सुरू होतो. वडिलांनी कसलेली वनजमीन आपली आहे, हे दाखवायचं कशावरून?

2006 च्या वनहक्क कायद्यानं तत्त्व सांगितलं. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन आदिवासीच्या ताब्यात असेल, तर प्रत्यक्ष ताब्याइतका, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क. पण पुरावा कशाला म्हणायचं? ते 2008 च्या नियमांत आलं. नियम 13 वाचून बघा. सरकारी कागद चालतो. तसंच घर, झोपडी, बांध, सपाट केलेलं रान चालतं. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा चालतो. एकाहून जास्त पुरावे विचारात घ्यावेत, एवढीच अट. ज्याच्या घरात कधी कागदच नव्हता, त्याचा विचार या नियमानं केला. हे त्याचं मोठेपण आम्ही मानतो.

तरीही 2012 मध्ये दुरुस्ती करावी लागली. अमुकच कागद हवा असा हट्ट समित्यांनी धरू नये. उपग्रहाचं चित्र पुराव्याला पूरक समजावं, पर्याय नव्हे. दावा नाकारला तर कारणं सविस्तर लिहावीत. आता सांगा, ‘हट्ट धरू नये’ हे कधी लिहावं लागतं? हट्ट धरला जातो, तेव्हाच ना!

आमचा आक्षेप इथंच आहे. नियम बोलतो चांगलं, पण त्याला दात नाहीत. कलम 7 प्रमाणे नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला दंड जास्तीत जास्त 1000 रुपये. तोही, गुन्हा आपल्या नकळत झाला किंवा तो टाळायला पुरेशी दक्षता घेतली होती असं सिद्ध केलं की माफ. आणि तक्रार न्यायालयात नेण्याआधी राज्यस्तरीय समितीला 60 दिवसांची नोटीस. एका पारड्यात पिढ्यांचं शेत, दुसऱ्यात हजार रुपये!

म्हणून कायदा चांगला की वाईट, एवढ्यावर चर्चा संपवू नये. उपविभागीय समितीनं दावा फेटाळला, तर आधी निकालाची प्रत मागावी आणि कारणं लिहिलीत का ते पाहावं. जिल्हा समितीकडे दाद मागायला 60 दिवस मिळतात, समितीनं मुदत वाढवली तर आणखी 30. कागद हातात यायलाच उशीर झाला, तर तेवढ्यात हक्क निसटू शकतो.