मेंटॉरला गुण कोण देणार?

ॲन आर्बरमधल्या एखाद्या बायोमेडिकल लॅबमध्ये तुम्ही पीएचडी किंवा पोस्टडॉक करत असाल, तर कधी ना कधी एखादा अंडरग्रॅड तुमच्याकडे सोपवला जातोच. पीआय ग्रँट लिहिण्यात बुडालेले, म्हणजे रोजचे मेंटॉर तुम्हीच. म्हणून मेंटॉरच्या प्रशिक्षणाकडे जरा चिकित्सकपणे बघू या.

अमेरिकेत अनेक ठिकाणी हे प्रशिक्षण विस्कॉन्सिनमध्ये तयार झालेल्या 'एंटरिंग मेंटॉरिंग' या अभ्यासक्रमावर बेतलेलं असतं. एकत्र बसून प्रसंग वाचायचे, चर्चा करायची. वाईट नाही ते. गप्प बसणाऱ्या मुलीला 'रस नाही' असं पटकन ठरवणारे तिथे जरा थबकतात. 2014 मध्ये अशा प्रशिक्षणाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: 16 संस्था, मेंटॉर आणि तरुण संशोधकांच्या 283 जोड्या, आठ तासांचं प्रशिक्षण. प्रशिक्षित मेंटॉर सरस ठरले. पण मुख्य मोजमाप कोणतं? मेंटॉरनी स्वतःच्याच कौशल्याला दिलेले गुण! औषधाच्या चाचणीत मुख्य आकडा डॉक्टरच्या समाधानाचा असता, तर जर्नल क्लबमध्ये आपण तो पेपर फाडून खाल्ला असता.

याहून कडक निकष याच गावात लावून झालाय. मिशिगन विद्यापीठाचा 'यूरॉप' कार्यक्रम 1980च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. अल्पसंख्याक विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडतात, ही त्यामागची काळजी. 1998च्या अभ्यासाने अर्जदारांमधूनच तुलनेचा गट घेतला आणि साधा प्रश्न विचारला: संशोधनात सामील झालेली मुलं विद्यापीठात टिकली का? सर्वांत जास्त फरक दिसला तो कमी गुण असलेल्या आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांमध्ये. 'आधी ग्रेड सुधार, मग लॅबमध्ये ये' असं आपण ज्यांना सांगतो, नेमके तेच. मार्च 2025 मध्ये विद्यापीठाने डीईआय कार्यालय बंद करायचं जाहीर केलं. आता हा प्रश्न वरून कुणी विचारेल, या भरवशावर राहू नका.

आणि आपलं काय? इथल्या फॉर्मवर आपण सगळे 'एशियन'. मराठवाड्यातून सरकारी शिष्यवृत्तीवर आलेली दलित मुलगी आणि पुण्याच्या प्राध्यापकांचा मुलगा एकाच रकान्यात. जातीवरून विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून मिळणारी वेगळी वागणूक सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्सबद्दलच्या 2007च्या अहवालात नोंदवलीय. आडनाव ऐकून 'मूळचे कुठले?' हा प्रश्न इथल्या पॉटलकलाही येतोच. माझ्या पाहण्यातल्या एकाही प्रशिक्षणात तो प्रसंग चर्चेला नव्हता.