मोंगो सान्तामारिया : लयीतून घडलेली रचना

क्युबातील आफ्रिकी परंपरेची तालवाद्ये विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या जॅझमध्ये रुजली, तरी रंगत वाढवणारी साथ यापलीकडे त्यांना फारसे स्थान मिळाले नव्हते. हाव्हाना येथे १९१७ मध्ये जन्मलेले आणि १९५० मध्ये न्यू यॉर्कला आलेले कोंगावादक व वाद्यवृंदप्रमुख मोंगो सान्तामारिया यांनी मात्र खुद्द लयीतूनच रचना उभी करून दाखवली, आणि त्यांची थोरवी प्रामुख्याने येथेच शोधावी लागते.

कोंगा म्हणजे लाकडी पट्ट्या पिंपासारख्या जोडून केलेला, एकाच तोंडाला चामडे असलेला उंच ढोल. तो हातांनी वाजवतात. तळव्याचा मागचा भाग आणि बोटांची टोके आलटून पालटून टेकवत त्यावर एक सलग, दबका प्रवाह चालू ठेवायचा आणि मधूनच खुला नाद किंवा कोरडी, तीक्ष्ण थाप काढायची, ही त्याची मूळ रीत होय.

या वादनाचे रचनेत झालेले रूपांतर १९५९ च्या ‘आफ्रो ब्लू’मध्ये स्पष्ट दिसते. बारा सूक्ष्म मात्रांच्या आवर्तनात तीन-तीन मात्रांचे चार मुख्य ठोके चालू असताना बेस दोन-दोन मात्रांच्या अंतराने सहा स्वर वाजवतो; आपल्याकडे जिला आड लय म्हणतात तिच्याशी जवळीक असलेला हा दोनास तीनचा संबंध येथे क्षणभराची करामत नसून संपूर्ण रचनेचा पाया आहे. जॉन कोल्ट्रेन यांनी १९६३ मध्ये हीच रचना तीन ठोक्यांच्या लयीत बांधली, तेव्हा मुळात आडवा जाणारा प्रवाह मुख्य ठरला आणि मुख्य असलेला आडवा झाला. कोल्ट्रेन यांचे वादन असामान्य आहे, यात शंका नाही. परंतु बहुसंख्य श्रोत्यांना ‘आफ्रो ब्लू’ त्यांच्याच रूपात ठाऊक असल्यामुळे मूळ रचनेतील चार ठोक्यांची आफ्रिकी बैठक दृष्टीआड झाली, ही खेदाची गोष्ट आहे.

हर्बी हॅन्कॉक यांच्या ‘वॉटरमेलन मॅन’चे सान्तामारिया यांनी केलेले ध्वनिमुद्रण १९६३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले, आणि क्युबन ताल व कृष्णवर्णीय अमेरिकनांचे सोल संगीत यांच्या मीलनाला त्याने मोठी चालना दिली. पुढे त्याच साच्यात गाजलेली गाणी पुन्हा वाजवणाऱ्या काही तबकड्यांत वृंदाचा आवाज भरदार असला तरी कोंगा मागे ढकलला गेला, आणि त्यामुळे काही समीक्षकांनी त्यांना केवळ व्यावसायिक ठरवले. हा निवाडा अन्यायाचा आहे, कारण याच वृंदात चिक कोरिया आणि ह्यूबर्ट लॉज यांच्यासारखे वादक तयार होत होते. शिवाय ‘यांबू’ या तबकडीतील सान्तामारिया मग हिशेबाबाहेरच राहतात. यांबू म्हणजे रुम्बा या क्युबन नृत्यगायनाचा संथ प्रकार. या तबकडीत मुख्यतः ढोल आणि सामूहिक गायन असल्याने त्यांच्या बोटांचा दबका प्रवाह आणि त्यातून अवचित उमटणारी थाप वेगवेगळी ऐकू येते.