‘वापरात आहे’ म्हणजे ‘लागतं आहे’ असं नाही

मेमरी लीकवर काम करायचा विचार असेल, तर उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा ‘हीप रेफरन्स ॲनालिसिस युजिंग ॲक्सेस ग्राफ्स’ हा पेपर वाचाच. आयआयटी मुंबईतलं हे काम एसीएमच्या ‘टोप्लास’ जर्नलमध्ये २००७ साली आलं.

मुद्दा असा. जावाचा गार्बेज कलेक्टर प्रोग्रामला जिथपर्यंत पोहोचता येतं ते सगळे ऑब्जेक्ट जपतो. पुढे ते वापरले जाणार का, हे तो बघत नाही. लेखक प्रोग्राम न चालवता, फक्त कोडवरून ठरवतात की अमुक रेफरन्स इथून पुढे वापरला जाणार नाही, आणि तिथे नल टाकतात. लिंक्ड लिस्टमध्ये असे मार्ग अमर्याद होतात. ते मर्यादित ग्राफमध्ये बसवणं ही या पेपरची खरी कमाई.

आता मर्यादा बघा. समजा, सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्यातल्या सेन्सरची रीडिंग्ज एक जावा प्रोग्राम एमक्यूटीटी क्लायंट लायब्ररीतून घेतो. नेट सारखं जातं. दर वेळी पुन्हा जोडताना प्रोग्राम नवा लिसनर नोंदवतो, जुना काढतच नाही. शंभरदा नेट गेलं की १०१ लिसनर, आणि प्रत्येकाचा स्वतःचा बफर.

या पद्धतीला हा लीक दिसेल का? नाही. मेसेज आला की लायब्ररी सगळ्याच लिसनरना बोलावते. म्हणजे जुने लिसनर वापरात आहेत, फक्त कुणाला नको आहेत. बाँड आणि मॅकिन्ली यांचं २००६ मधलं ‘स्ले’ बराच काळ न वापरलेले ऑब्जेक्ट शोधतं. तेही इथे फसेल. जम्प आणि मॅकिन्ली यांचं २००७ मधलं ‘कॉर्क’ कोणत्या प्रकारचे ऑब्जेक्ट वाढत चाललेत ते बघतं, त्याला ही वाढ दिसेल. पण नेट नसताना पोच न मिळालेले मेसेजही साठतात, आणि ते जपणं तर लायब्ररीचं कामच आहे. नुसत्या वाढीवरून दोन्हींतला फरक कळत नाही.

यामुळे पेपर चुकीचा ठरत नाही. त्याचा दावा मेमरी लवकर मोकळी करण्याचा आहे. आक्षेप त्याला ‘लीकवरचा उपाय’ म्हणून उद्धृत करणाऱ्यांवर आहे. ‘एका विषयाला एकच लिसनर’ हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, ते प्रोग्रामरच्या डोक्यात असतं. २०११ मधलं ‘लीकचेसर’ हेच प्रोग्रामरकडून वदवून घ्यायला बघतं.

म्हणून निकालांच्या तक्त्याकडे जाण्याआधी पेपरची ‘लीक’ची व्याख्या एका ओळीत लिहा. मग तिच्यात न बसणारा, पण तुमच्या मते लीकच असलेला दहा ओळींचा प्रोग्राम लिहून बघा. तुमचा रिसर्च प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.